कासवाला हात जोडले तेव्हा

ये गं बाई, अशी जवळ ये. उंबऱ्यात काय उभी राहिलीस परक्यासारखी? तू कुणाची कोण, मला ठाऊक नाही. पण माझं लिहिलेलं हातात घेतलंस म्हणजे माझ्या दारात आलीस. मग तो फोन आधी पालथा ठेव. पाठ सरळ कर. असं कुबड काढून वाचतेस, मग चाळिशीत मानेला पट्टा लागतो आणि दोष हापिसातल्या कामाला देता. जेवलीस का? नाहीच ना? उपाशी पोटी वाचायला बसू नये, समोरच्याचं बोलणं अर्धंच आत जातं. जा, चतकोर भाकरी मोडून ये. मी थांबते. थांबायची मला लई सवय आहे.

बसलीस? मग ऐक. मी समुद्राच्या तळाला जाऊन आले, त्याची गोष्ट आहे.

हसू नको. माझं माहेर नांदेडच्या नायगावकडचं, सासर अहमदपूरचं. आमच्याकडून कुठल्याही दिशेला निघ, समुद्र काही चटकन भेटत नाही. घरात किराणा दुकान होतं. मी शाळेत गेले चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाचन पुड्या बांधायच्या रद्दीवर झालं, त्यामुळं बऱ्याच गोष्टींचा शेवट मला अजून कळलेला नाही. मालक गेले त्याला तीन वर्षं झाली. दुकानाचं शटर तेव्हा खाली आलं ते खालीच आहे.

लेक एकुलती एक. लातूरला शिकली, पुण्यात नोकरीला लागली, आणि एका सुट्टीत मैत्रिणींसोबत अंदमानाकडं फिरायला गेली ती तिकडचीच झाली. मोठ्या बेटापासून लांब, जिथं बोट मनात आलं तर जाते, अशा एका बारक्या बेटावर ती लोकांना समुद्रात बुडी मारायला शिकवते. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, पायात बदकासारखे पंजे. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "लेक काय करून राहिली हो तुमची?" मी म्हणायचे, "मास्तरीण हाय." खोटं काय बोलले त्यात?

रविवारी तिचा फोन यायचा. "आई, वारं लई हाय. आवाज कटून राहिला." आणि तो कटायचाच. मग मी फोन हातात धरून तशीच बसायचे. घरात फ्रिजचा आवाज तेवढा. तो बंद पडला की जास्त ऐकू यायचं.

एके दिवशी मी मनाशी ठरवलं, बस झालं. तिला घेऊन यायचं. तिची खोली झाडली, गादीला ऊन दाखवलं आणि तिकिटं काढून देणाऱ्याच्या दुकानात गेले.

"जाताना एक दे, येताना दोन."

"दुसरं कुणाचं, मावशी?"

"लेकीचं. घेऊनच येऊन राहिले तिला."

त्याला सांगितलं म्हणजे गल्लीला सांगितलं. त्यानं फोन नंबर विचारला; मला एकच नंबर पाठ आहे, तो सांगितला. बायकांनी त्याच संध्याकाळी विचारलं, लेकीला शेंगदाण्याची चटणी आवडते का जवसाची. इतकी पक्की बातमी झाली.

हैदराबादपर्यंत एसटी, मग विमान, मग परत विमान, मग जहाज, आणि शेवटी एक लाकडी बोट. सामानात ज्वारीचं पीठ, धपाटे, दोन्ही चटण्या, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली बेलाची पानं. आमच्यात सकाळी गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा घेत नाहीत. तिकडं बेल कुठून मिळणार? मालक गेल्यापासून सकाळी मी एवढ्या एकाशीच बोलते. त्याची आबाळ नको.

बेटावर पाय ठेवला आणि पहिल्यांदा पदर गेला. उडाला तो सरळ तोंडावर. लेक हसत हसत धावत आली, मला मिठी मारली, आणि काय बोलली ते वाऱ्यानं नेलं. तिथं सगळंच वारं नेतं बघ. किनाऱ्यावरची सुरूची झाडं एकाच बाजूला वाकलेली, जशी सगळी मिळून कुणाच्या तरी पाया पडायला निघालीत. अंगणात वाळत घातलेल्या कपड्याला तीन-तीन चिमटे. दुसऱ्या दिवशी मी उघड्यावर चूल मांडून भाकरी थापायला बसले, तर परातीतलं पीठ भुर्रकन उठलं आणि गेलं समुद्रात.

लेक म्हणाली, "आई, माशांना आज ज्वारी."

"त्यांना तरी पचू दे," मी म्हणाले. "तुला तर भात खाऊन खाऊन चव राहिली न्हाई."

तिची खोली पत्र्याची. पत्र्यावर दगड ठेवलेले, वाऱ्यानं उडू नये म्हणून. आत एक खाट, एक शेगडी, खिळ्याला अडकवलेला पाण्याखालचा चष्मा. मांडणीवर एक ताट, एक वाटी, एक पेला. मी आल्यावर तिनं शेजारून माझ्यासाठी ताट मागून आणलं. ती पाणी भरायला गेली तेव्हा मी त्या एका ताटाकडं बघत बसले. माझ्याही ओट्यावर रात्री एकच ताट पालथं असतं.

आणि एक बघितलं. तिच्या गळ्यात लिंगाचा दोरा नव्हता. बघितलं आणि गिळलं. आधी मोठं काम होतं.

ते मोठं काम तोंडातून निघेना. सरळ 'चल' म्हणायला काय झालं होतं? पण मी आडून आडून बोलायची.

"लातूरला म्हणं पोहायचा मोठा तलाव बांधला. तिथं शिकविणाऱ्या बाया लागतात."

ती कांदा चिरत होती. हात थांबवून म्हणाली, "लातूरला? आई, जिथं प्यायला रेल्वेनं पाणी आणलं, तिथं मी लोकांना बुडायला शिकवू?"

मला हसूच आलं. हसले आणि बोलायचं राहिलं.

मग दोन दिवस असं वारं सुटलं की बोटी बंद. ना कुणी येणारं, ना कुणी जाणारं. आम्ही दोघी पत्र्याखाली. इतके दिवस जी मला जवळ हवी होती, ती समोर बसलेली. बोलायला आडोसा म्हणून कामसुद्धा नाही. ती नळ्या पुसत होती, मी बेलाची पानं मोजून ठेवत होते. एकदा तिनं मान वर करून विचारलं, "आई, तुला काही म्हणायचंय का?" मी म्हणाले, "पत्र्याला दगड कमी पडतात गं." ती उठली आणि अजून एक दगड ठेवून आली.

तिसऱ्या दिवशी वारं पडलं. समुद्र असा दिसत होता की कुणी सारवून ठेवलाय. ती म्हणाली, "उद्या पाणी नितळ असंल. येतीस का खाली?"

"खाली म्हंजी?"

"समुद्रात. माझ्यासंगं."

"वय बघ माझं!"

"मला विहिरीत ढकललीस तेव्हा माझं वय बघितलं होतंस का?"

 खरंच होतं. नायगावला आमच्या रानात दगडी पायऱ्यांची विहीर होती. माझ्या बापानं माझ्या पाठीला दोन वाळके भोपळे बांधून मला पाण्यात सोडलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी लेकीला तिथंच शिकवलं. भोपळे मिळाले नाहीत म्हणून तेलाचा रिकामा डबा बांधला. आणि माझी एक ख्याती होती बरं का. गावात कुणाची घागर विहिरीत पडली, गळ टाकून निघाली नाही, की मला बोलवायचे. दम कोंडून एक बुडी मारायची, तळाचा गाळ चाचपायचा, घागरीच्या गळ्यात दोर अडकवायचा आणि वर. सासरी आल्यावर हे सगळं मिटलं. एकदाच, सासूबाईंचा तांब्या पडला होता तेव्हा, त्यांनीच इकडंतिकडं बघून म्हणलं, "कुणी न्हाई. जा, काढ." तेवढंच.

बेटावरच्या डॉक्टरानं कान बघितले, छाती बघितली, रक्तदाब बघितला आणि लेकीला म्हणाला, थोडंच खाली न्या. मला रबराचं अंगाला चिकटणारं आंगडं घालायला दिलं. ते चढवायला दोघींना इतका जोर लागला की बैलाला पोतं घालून राहिलो असं वाटावं. मग ती म्हणाली, "आई, गळ्यात काही ठेवायचं न्हाई. बोटीचा नियम हाय."

मी चांदीच्या डबीवर हात ठेवला. "मग मी येत न्हाई. हे जन्मल्या दिवसापासून अंगाला हाय. जाईल तेव्हा माझ्यासंगंच जाईल."

तिनं हातातली नळी खाली ठेवली. मग माझ्या मागं आली, दोरा आखूड केला, डबी आंगड्याच्या आत छातीशी सरकवली आणि गाठ मारली. ती गाठ, बघ, आमच्यातलीच. घरात लहानपणी शिकवतात ती. गळ्यात दोरा नव्हता, पण बोटांना गाठ ठाऊक होती.  डोळ्यांत वारं गेलं म्हणायची सोय तिथं कायमच असते.

बोट चालवणारा दाढीवाला बाप्या होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अम्मा, तैरना आता?"

नांदेडकडच्या माणसाला दखनी शिकवावी लागत नाही. "आता क्या पूछते जी? पूरे गाँव की घागरां निकाली मैं बावड़ी में से!"

तो इतका हसला की बोट हलली.

लेकीनं समजावलं. "नाक धरून कान मोकळे करत राहा. मी हात धरते, घाबरू नको. आणि एकच गोष्ट ध्यानात ठेव, दम कोंडायचा न्हाई. नळीतून घ्यायचा, सोडायचा. घ्यायचा, सोडायचा."

"बरं," म्हणाले. आणि पाण्यात शिरले, आणि काय केलं? दम कोंडला! सवयच ती. पाणी डोक्यावरून गेलं की छाती आपोआप कुलूप लावते. जिला पोहता येत नाही ती भीतीनं का होईना, श्वास घेत राहते. मला येत होतं, हेच आड आलं. तळाशी घागर असल्यासारखी मी गाल फुगवून खाली चाललेली. लेक समोर आली. चष्म्याआड तिचे डोळे मोठे झालेले. तोंडापुढं हात धरून ती तो बाहेर ढकलत होती, परत परत. सोड. सोड. तिच्या तोंडून बुडबुडे निघत होते, माझ्या तोंडून काहीच नाही. शेवटी तिनं माझा डावा हात घेतला आणि आपल्या छातीवर ठेवला. तिची छाती वर झाली. खाली झाली. वर झाली. ती तान्ही असताना मी रात्री असाच हात ठेवून बघायची, श्वास चालू आहे का ते.

मग माझंही सुटलं. बुडबुड्यांचा मोठा लोंढा वर गेला. केवढा कोंडलेला होता कुणास ठाऊक, आणि सगळा त्या सकाळचाच होता की नाही, तेही ठाऊक नाही.

श्वास लागला आणि मग दिसायला लागलं.

अगं, काय सांगू तुला! विहिरीच्या तळाला नुसता काळोख असतो आणि गाळ. इथं तळ म्हणजे ऐन बहरातलं रान. प्रवाळांची झुडपं, जांभळी, शेवाळी, कुणी कोबीसारखं, कुणी काळविटाच्या शिंगासारखं. हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळे मासे. पोपटी मासे दगड कुरतडत होते, तो कुरुम कुरुम आवाज मला पाण्यात ऐकू येत होता. एक चपटा पाकट मासा वाळूतून उठला, जणू कुणी घोंगडं झटकलं. आणि मग चांदीचे बारके मासे आले, हजारांनी. सगळे मिळून एक, आणि एकदम वळले. मला वाटलं, हे मी बघितलंय. अगं, भोरड्या! ज्वारी हुरड्यात आली की आमच्या रानावर भोरड्यांचा थवा येतो, आभाळात असाच वळतो, असाच एकदम काळा होतो, एकदम दिसेनासा होतो. लहानपणी मी गोफण घेऊन त्यांना हाकलायला माळ्यावर उभी राहायची. तोंडात नळी होती म्हणून, नाहीतर त्या माशांनाही मी हाकारलं असतं.

लेकीनं माझा हात दाबला आणि बोट दाखवलं.

कासव.

निवांत येत होतं. लोखंडी तव्यापेक्षा मोठं, म्हाताऱ्या माणसासारखे डोळे, पाठीवर शेवाळ. महादेवाच्या देवळात नंदीच्या पुढं फरशीत कासव कोरलेलं असतं ना? जन्मभर मी त्या दगडी कासवाला हात लावून मग आत गेलेय. ते इथं जिवंत होऊन माझ्यासमोरून चाललेलं. माझे दोन्ही हात आपोआप जोडले गेले. देवापुढं जोडतात तसे.

आणि मग ध्यानात आलं की मी लेकीचा हात सोडलाय.

मी लटकत होते. वर नाही, खाली नाही. कुणी धरलेलं नाही, पाठीला भोपळा नाही. आणि श्वास चालू होता. लेक हातभर अंतरावर होती, तिनं झडप घातली नाही. मला बघत नुसती तिथं राहिली. जमिनीवर ती कशी चालते? खांदे पाडून, घाईनं, वाऱ्याला तोंड देत. इथं तसं काहीच नव्हतं. हात पोटाशी धरलेले, एक पंजा हलवला की ती वळे. त्या पाण्यात ती घरात असल्यासारखी होती. मला तिची अहमदपूरची खोली आठवली, ऊन दाखवलेली गादी आठवली. आणि मी जे बोलायला आले होते ते माझ्या मनात पहिल्यांदाच पूर्ण वाक्य होऊन उभं राहिलं, आणि पाण्याखाली बोलता येत नाही याचं मला बरं वाटलं.

वर आल्यावर बोटवाल्यानं विचारलं, "घागर मिली, अम्मा?"

"नहीं मिली जी," म्हणाले. "रहने दिई."

निघायच्या दिवशी परत वारं होतं, पण बोट निघणार होती. धक्क्यावर लेक माझी पिशवी धरून उभी. पदर मी कमरेला खोचला होता, शिकले होते तोवर.

"आई, तू विचारलंच न्हाईस."

"काय?"

"माझ्या तिकिटाचं."

 "तुला कुणी सांगितलं?"

"मेसेज माझ्याच फोनवर आला. नंबर माझाच दिलास ना तू."

पाठ तोच एक नंबर, दुसरा कुठून देणार? म्हणजे मी उतरले त्याच्या आधीपासून तिला ठाऊक होतं. पत्र्याखाली बसलो होतो तेव्हाही.

"मग बोलली का न्हाईस, गधडे?"

"तू इचारशील म्हणून थांबले."

"इचारलं असतं तर?"

तिनं समुद्राकडं बघितलं. खोटं बोलायची तिला सवय नाही, हेही मीच शिकवलेलं. "आले असते," म्हणाली. "आले असते, आई. पण..."

"पणच्या पुढचं मी खाली बघून आले," मी म्हणाले. "दे ती पिशवी."

बोट सुटली. ती ओरडून काहीतरी म्हणाली, ते वाऱ्यानं नेलं. मी हात केला. ती लहान होत गेली, मग सुरूच्या वाकलेल्या झाडांमधलं एक झाड झाली.

विमानात माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तिची. मी तिथं पिशवी ठेवली, तर हवाईसुंदरी का काय म्हणतात त्या पोरीनं येऊन गोड आवाजात ती वर ठेवायला लावली. मग ती जागा तशीच गेली, हैदराबादपर्यंत.

गल्लीत पोचले तर बायका दारात. माझ्या मागं बघायला लागल्या, रिक्षातून अजून कुणी उतरतंय का. "लेक कुठाय?"

"कामावर हाय," म्हणाले. "मास्तरीण हाय ती, शाळा सोडून कशी यील?" आणि आत जाऊन कडी लावली. आता बाई, खोटं कशाला सांगू, त्या रात्री मी जेवले नाही. गादीला दाखवलेलं ऊन वाया गेलं होतं. फ्रिज बंद पडला, चालू झाला, परत बंद पडला. मी डावा हात छातीवर ठेवला. घ्यायचा, सोडायचा.

सकाळी पूजा झाली. तळहातावर तोच एवढासा भार. पाणी प्याले, आणि रविवार नव्हता तरी फोन लावला.

"आई? काय झालं?"

"काई न्हाई. ये म्हणायचं राहिलं होतं."

"आई, आपलं बोलणं झालं ना..."

"'परत ये' असं न्हाई म्हणून राहिले मी. तिकीटबिकीट न्हाई, खोली झाडली न्हाई. नुसतं ये. हुरड्याला ये, चार दिवस राहा, जा."

पलीकडं वारं. मग ती म्हणाली, "आवाज कटतोय, आई." मला तर तो चांगला लख्ख ऐकू येत होता. मी फोन कानाशीच धरून ठेवला. तिलाही दम घ्यायला वेळ लागतो. थोड्या वेळानं तिचाच आवाज आला, "भोरड्या येतात का अजून?"

"येतात की. तू येऊन तर बघ."

येते म्हणाली. कधी ते म्हणाली नाही. आता रानात ज्वारी पोटरीला आलीय, कणसं बाहेर पडायच्या बेतात. मी दुसरं ताट मांडणीवर काढून ठेवलंय, पालथं न घालता. एका माणसाला दोन ताटं विसळायला काही जड नाही.

तू असं कर. तिची वाट बघत तू थांबू नको. वाट बघायचं काम माझं. तू ये. अहमदपूरच्या स्टँडवर उतर, बंद शटरचं किराणा दुकान कुणालाही विचार, शेजारची पायरी माझी. तुला रानात नेते, हुरडा भाजून देते, आणि दिवस मावळायच्या आत माळ्यावर चढवून ते चांदीचे मासे आमच्या आभाळात कसे वळतात ते दाखवते. पण लवकर ये बाई. ज्वारी काढली की भोरड्या एक दिवस थांबत नाहीत.